तिसऱ्या ओळीतला दिवा

फेब्रुवारी लागला की आमच्या डोंबिवलीतली माणसं हळू बोलायला लागतात. का म्हणून विचारलंत तर खालच्या आवाजात सांगतील, "वरच्यांकडे बारावी आहे." एखाद्याकडे कावीळ असावी किंवा लग्न असावं, तशी आमच्याकडे घरात बारावी असते. दुपारी मिक्सर लावायचा नाही, जिन्यात क्रिकेट खेळायचं नाही, आणि बारावीवाल्या मुलीच्या आईला "कसा चाललाय अभ्यास?" असं चुकूनही विचारायचं नाही. तरी सगळे विचारतातच. सकाळी अजून थोडी थंडी असते, अकरा वाजले की ऊन पाठीत घुसतं, एमआयडीसीकडून वारा आला तर त्याला औषधाच्या बाटलीचा वास असतो, आणि आमच्या कुंपणातला आंबा या कशाचीही पर्वा न करता मोहरलेला असतो. त्या मोहराचा वास आला की लोकांना कैऱ्या आठवतात, मला हॉल तिकीट आठवतं.

यंदा बारावी दुसऱ्या मजल्यावर आहे. आर्या तिचं नाव. मागच्या रविवारी सकाळी ती वही छातीशी धरून आमच्या दारात उभी राहिली.

"ताई, लॉजिकचं ट्रुथ टेबल पाठ आहे माझं. पण पटत नाहीये."

"कळत नाही" म्हणाली असती तर मी दहा मिनिटांत समजावून मोकळी झाले असते. "पटत नाही" म्हणाली आणि मी हातातला चहा खाली ठेवला. बारा-तेरा वर्षांपूर्वी याच घरात, याच धड्यावरून मी हेच म्हणत होते. फक्त माझ्या बोलण्यात शिव्या जास्त होत्या.

मी तोंड उघडायच्या आत बाबा उठले. माझे बाबा म्हणजे आयुष्यभर एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग केलेला माणूस. कारखान्यातल्या मोटरी चालू-बंद करणारी लोखंडी कपाटं असतात ना, त्यांच्या पोटातल्या वायरी जोडण्यात त्यांचे केस पांढरे झाले. आता रिटायर झालेत आणि सोसायटीतल्या सगळ्यांच्या बेल दुरुस्त करतात, बिघडलेल्या असोत वा नसोत. त्यांनी स्टूल ओढलं, कपाटावरून एक फळी काढली आणि बाहीनं पुसली. हातभर लांबीचं प्लायवूड, त्यावर दोन स्विच, मधोमध झीरोचा बल्ब. एका स्विचखाली स्केचपेननं 'पी' लिहिलेलं, दुसऱ्याखाली 'क्यू'. क्यूच्या स्विचवर काळी टेप, तो चालू ठेवून वरून चिकटवलेला.

बाबांनी पिन लावली. दिवा लागला. आर्यानं पी चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. दिवा आपला लागलेलाच.

"आजोबा, हा तर विझतच नाही. टेप काढू का? खोटी ओळ बघायचीय मला."

"टेपला हात नाही लावायचा," बाबा म्हणाले. "खोटी ओळ वहीत कर."

आर्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत होते आणि अकरावीला एकदम ठाण्याला नौपाड्यातल्या कॉलेजात, जिथे सगळं इंग्रजीत. बारावीच्या गणिताचा पहिलाच धडा लॉजिकचा. आमचे सर पहिल्या तासाला म्हणाले, "हे फुकटचे मार्क आहेत. हे ज्याला जमत नाही त्यानं गणित सोडावं." वर्ग हसला. मीही हसले, कारण सगळे हसत होते.

सुरुवात सोपी होती. दोन साधी वाक्यं घ्यायची, एकाचं नाव पी, दुसऱ्याचं क्यू. ती 'आणि'नं जोडली तर दोन्ही खरी असल्याशिवाय जोडलेलं वाक्य खरं नाही. 'किंवा'नं जोडली तर एक खरं असलं तरी भागतं. इथपर्यंत कोणाचीच हरकत नव्हती. मग आलं 'जर-तर'. "घंटा वाजली तर वर्ग सुटेल." याच्या ट्रुथ टेबलात चार ओळी, म्हणजे खऱ्या-खोट्याच्या चार शक्यता. घंटा वाजली, वर्ग सुटला: वाक्य खरं. घंटा वाजली, वर्ग नाही सुटला: वाक्य खोटं. बरोबर. तिसरी ओळ, घंटा वाजली नाही पण वर्ग सुटला: वाक्य म्हणे खरं. चौथी, घंटा वाजली नाही आणि वर्गही सुटला नाही: तरी वाक्य खरंच! अहो, पण घंटाच वाजली नाही तर कसलं खरं आणि कसलं खोटं? मी हात वर करून विचारलं. सर फळ्याकडून वळलेसुद्धा नाहीत. "डेफिनिशन आहे. पाठ कर."

डेफिनिशन हा शब्द मला तेव्हापासून 'गप्प बस'चं इंग्रजी वाटतो.

कॉलेज सुटलं की मी स्टेशनपर्यंत चालत यायचे. चष्म्यांची दुकानं, साड्यांची दुकानं, आणि दर चार पावलांवर एक दवाखाना. त्यातल्या एका दवाखान्याच्या दारावर लाल बल्ब होता आणि खाली पाटी: 'दिवा चालू असेल तर डॉक्टर आत आहेत.' एकदा मी बघत होते, तर लोक यायचे, दिवा बंद बघायचे आणि परत जायचे. एक म्हातारी मात्र सरळ पायरी चढली, दार ढकललं आणि आत गेली. कंपाउंडर बाहेर येऊन ओरडला, "अहो, डॉक्टर आहेत! बल्ब गेलाय नुसता!" तोवर पाच-सहा पेशंट रिक्षात बसून निघून गेले होते. पाटी खोटं बोलली नव्हती. दिवा बंद असेल तर काय, याबद्दल ती काही बोललीच नव्हती. पण हे मला फार पुढे सुचलं. त्या दिवशी मी पण नुसती हसले आणि वडापाव घ्यायला गेले.

बाबांच्या शब्दाबद्दल आता सांगायला हवं. माणूस बोलतो कमी, पण बोलला की संपलं. एका नातेवाइकांच्या लग्नात पंगतीत कुणीतरी लागेल असं बोललं, तर हे उठून म्हणाले, "या घरचं परत जेवणार नाही." तेव्हापासून त्या घरच्या प्रत्येक कार्याला बाबा वेळेवर हजर असतात, आहेर देतात, पंगतीत वाढायला मदत करतात, आणि मग कोपऱ्यात बसून आईनं दिलेला डबा खातात. त्या घरचेच लोक आता येऊन विचारतात, "लोणचं चालेल का, का तेही जेवणात धरायचं?" बाबा गंभीरपणे विचार करतात आणि लोणचंही नको म्हणतात.

तर सहामाहीत मला गणितात चौदा मार्क पडले. त्या दिवशी नेमकी आत्या आलेली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, कळव्याला राहते, राहत्या घरातच ब्युटी पार्लर चालवते. बाबांनी माझा पेपर उलटून पालटून पाहिला आणि म्हणाले, "बारावी पास झालीस तर पुढं शिकवीन. हवं ते शीक, हवं तेवढं शीक. बोललो."

आत्या लगेच म्हणाली, "आणि नाही झाली तर माझ्याकडे पाठव, दादा. उगाच पोरीची वर्षं घालवू नकोस. थ्रेडिंग शिकेल, फेशियल शिकेल, हातात कला येईल."

बाबा काही बोलले नाहीत. कप उचलून आत ठेवून आले. त्या गप्प राहण्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी एकच काढला. आईनं काढला, आत्यानं काढला, मी काढला, आणि पुढे कळलं की खुद्द बाबांनीसुद्धा तोच काढला होता. पास तर शिक्षण, नापास तर पार्लर. पार्लरला मी नावं ठेवत नाही. आत्यानं त्या एका दोऱ्यावर दोन मुलगे वाढवलेत. पण मला दोऱ्यानं कुणाच्या भुवया कोरायच्या नव्हत्या. मला नक्की काय करायचं होतं, ते मात्र तेव्हा मला विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं.

ते कळलं जानेवारीत, सकाळी सहाच्या चहाला. बाबांची तेव्हा सेकंड शिफ्ट असायची, त्यामुळे सकाळी घरी. मी टेबल सोडवायला बसले, तिसऱ्या ओळीशी अडले, आणि पुस्तक भिंतीवर फेकलं. बाबांनी ते उचललं. शिव्या देतील असं वाटलं, पण ते उभ्या उभ्या वाचत राहिले. पुस्तक जिथे उघडलं होतं तिथे स्विचिंग सर्किटच्या आकृत्या होत्या.

"हे कुणी शिकवलं तुमच्या सरांना?" बाबा म्हणाले. "हे तर आमचं काम आहे."

"काय?"

"अगं, हे बघ. दोन स्विच एकापुढे एक, सिरीजमध्ये. दोन्ही चालू केल्याशिवाय दिवा लागणार नाही. हे तुझं 'आणि'. दोन स्विच शेजारी शेजारी, पॅरलल. कुठलाही एक चालू कर, दिवा लागला. हे 'किंवा'. यात रडायचं काय?"

मी म्हटलं, रडायचं पुढे आहे, आणि तिसऱ्या ओळीचं सगळं गाऱ्हाणं त्यांच्यासमोर ओतलं. त्यांनी खारी चहात बुडवली.

"समज मी तुला म्हणालो, रविवारी सुट्टी मिळाली तर मासे आणीन. सुट्टी मिळाली नाही, मासे आणले नाहीत. खोटं बोललो का मी?"

"नाही."

"आणि सुट्टी नव्हती, तरी येता येता बाजारातून बांगडे घेऊन आलो. मग खोटं बोललो का?"

"नाही. मग तर मजाच."

"मग खोटं कधी बोललो?"

आतून आईचा आवाज आला, "सुट्टी मिळाली आणि दिवसभर लोळत पडलात, मासे आणले नाहीत, तेव्हा. तीन वेळा झालंय."

"झालं," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला पाठ आहे तुझं टेबल."

पुढच्या आठवड्यात त्यांनी कंपनीतून भंगारात काढलेले दोन स्विच आणले आणि ही फळी केली. मी शेजारी बसून बघत होते. ते सांगत होते, "पॅनेलवर हिरवं बटण असतं आणि लाल असतं. हिरवं दाबलं की जोडतं. लाल उलटं. ते आधीच जोडलेलं असतं, दाबलं की तुटतं. त्याला आम्ही एनसी म्हणतो. तुझा पी मी एनसीचा घेतलाय. पी बंद असला की करंट त्याच्यातूनच जातो, क्यूला कोण विचारतो? पी चालू केला की ती वाट तुटली, आता सगळा भार क्यूवर. क्यू चालू तर दिवा राहिला, क्यू बंद तर विझला. कर बघू."

मी चारही ओळी केल्या. लागला, विझला, लागला, लागला. पुन्हा केल्या. काय सांगू, सहा महिने जी गोष्ट माझ्या डोक्यात जात नव्हती, ती बोटांतून गेली. मी त्या दिवशी कॉलेजला गेलेच नाही. पुस्तकातली एकूण एक सर्किटं मी त्या फळीवर जोडून बघितली. बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम काळ्या टेपचं रिळ असायचं, त्यातून मी तुकडे मागायचे आणि ते नाराजीनं द्यायचे. "टेप खेळायला नसते," म्हणायचे. कारखान्यात त्यांचा एक नियम होता. लाइनवर कुणाचं काम चालू असलं की त्याचा स्विच टेपनं बांधायचा. ज्यानं टेप लावली त्यानंच काढायची, आणि तीही काम संपल्यावर. मधे साहेब आला तरी हात लावायचा नाही. हा नियम सांगताना त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा व्हायचा.

माझी चूक इथेच झाली. फळीचा इतका नाद लागला की बाकीचं गणित पडलं बाजूला. इंटिग्रेशन तसंच राहिलं, व्हेक्टर तसेच राहिले. लॉजिक एके लॉजिक.

परीक्षेचे दिवस मी आत्याकडे काढले, कारण कळव्याहून ठाणं जवळ. तिची बाहेरची खोली म्हणजे पार्लर. मेणाचा आणि गुलाबपाण्याचा वास, मोठा आरसा, खिडकीतून पारसिकचा डोंगर, आणि ओहोटी लागली की खाडीचा तो खारट कुबट वास. मी आरशासमोर बसून अभ्यास करायचे आणि आत्या माझ्या शेजारच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसवायची. दोऱ्याचं एक टोक दातात, गाइड गिऱ्हाइकाच्या मांडीवर, आणि माझी उजळणी चालू.

"पी ख्वोता, क्यू खवा?" दातात दोरा असल्यामुळे ती असंच बोलायची.

"खरं!"

"पी खवा, क्यू ख्वोता?"

खुर्चीतल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. एकदा तर दोन-चार प्रश्नांतच एक बाई उत्तरं द्यायला लागली. "खोटं, खोटं!" ती डोळे मिटून ओरडली आणि आत्या म्हणाली, "हलू नका हो, भुवई जाईल." पेपरच्या सकाळी आत्यानं तळहातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाली, "देवाचं नाव घे, आणि नाहीच आलं तर जे येतं ते तरी नीट लिही." मला पास व्हायला तिनं जितकी मदत केली तितकी कुणी केली नसेल. आणि मी नापास झाले तर तिच्याकडे जाणार होते. ही बाई अशीच आहे.

जे येत होतं ते मी नीट लिहिलं. लॉजिकचा प्रश्न अक्षर न अक्षर बरोबर. मग पान उलटलं आणि पुढे नुसता पांढरा कागद.

निकाल दुपारी एक वाजता लागला. बाकी सगळ्यात पास, गणितात चोवीस. बाबांनी फोनवर पाहिलं, "बरं" म्हणाले, आणि डबा घेऊन शिफ्टला गेले. ऑक्टोबरात परत बसता येतं, असं आई दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा बाबा म्हणाले, "बसू दे की. पण मी शब्द दिला होता तो या निकालाचा. विषय संपला." आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "त्यांनाच जास्त लागलंय गं. जेवत नाहीत नीट. पण स्वतःच्या शब्दात अडकलेत, आता कोण सोडवणार?"

मला एव्हाना पक्कं माहीत होतं की मला पॅनेलच शिकायचंय. बारावी नसली तरी दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला अर्ज करता येतो, हे मी जाऊन विचारून आलेले. दोन वर्षं मागे जायचं, एवढंच. अर्जाची मुदत बुधवारी संपत होती. रविवारी आत्या मला न्यायला आली, सोबत माझ्या मापाचा गुलाबी ॲप्रन घेऊन. त्यावर तिनं खिशापाशी 'तेजू' असं माझं नावही भरून आणलं होतं. तो ॲप्रन बघून मला रडूच कोसळलं. रागानं नाही. तिनं इतकं मनापासून भरलं होतं म्हणून.

मग मी डोळे पुसले आणि कपाटावरची फळी काढली.

"आता हे काय?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही काय बोलला होतात? शब्द न् शब्द सांगा."

"पास झालीस तर पुढं शिकवीन."

"आणि नापास झाले तर?"

"तर नाही शिकवणार."

"हे तुम्ही बोललात?"

मी आत्याकडे वळले. "आत्या, तू होतीस. बाबा असं बोलले होते?"

आत्यानं ॲप्रनची घडी घातली, उलगडली. खोटं बोलायचा स्वभाव नाही तिचा. "नाही बोललास रे तू, दादा," ती म्हणाली. "ते मी बोलले. तू कप ठेवायला आत गेलास."

मी पिन लावली. "पी म्हणजे मी पास झाले. क्यू म्हणजे तुम्ही मला शिकवलंत. पी बंद. झाले नाही मी पास, कबूल. आता मी क्यू चालू करते." दिवा लागलेला होता, लागलेलाच राहिला. "आत्या, पी खोटा, क्यू खरा?"

"खरं," आत्या म्हणाली, अगदी सवयीनं, आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"तुमचा शब्द मोडत नाही, बाबा. सुट्टी नसताना बांगडे आणले तर तुम्ही खोटे ठरत नाही. तुम्हीच सांगितलंत मला. फळी तुमची आहे."

बाबा पुढे आले, वाकले, आणि क्यू बंद केला. दिवा तरीही चालूच. इतकी वर्षं वायरी जोडलेला माणूस, त्याला चौथी ओळ दिसणार नाही असं मला का वाटलं होतं?

"हे बघ," ते म्हणाले. "तुला घरी बसवलं तरी लागतोय."

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू. "दोन्हीकडे लागतो. तुमचा शब्द कुठेच मोडत नाही. म्हणजे आता शब्दाचा प्रश्नच राहिला नाही, बाबा. तुम्हाला काय वाटतं, एवढंच राहिलंय."

आई दारात येऊन उभी राहिलेली. बाबांनी खिशात हात घातला, टेपचं रिळ काढलं, दातानं तुकडा तोडला. क्यू चालू केला आणि त्यावर टेप चिकटवली. अंगठ्यानं दोनदा दाबून घेतली, कारखान्यात दाबतात तशी. मग चप्पल घालता घालता म्हणाले, "अर्ज कुठं मिळतो ते दाखवायला उद्या चल. आज रविवार, बंद असेल."

आत्या जेवून गेली. ॲप्रन इथेच ठेवून गेली. "पॅनेल का काय ते करताना घाल," म्हणाली. "कपडे खराब होतात."

मी अजून तो घालते. डिप्लोमा झाला, ठाण्यात पॅनेल तपासायच्या कामाला लागले, आणि सगळ्या निळ्या शर्टांत मी एकटी गुलाबी. माणसं पहिल्या दिवशी हसतात, दुसऱ्या दिवशी विचारत येतात, "मॅडम, हा एनसी का तापतोय?" कधी कधी वाटतं, आपण सगळेच आयुष्यभर त्या नौपाड्यातल्या पेशंटसारखे वागतो. दिवा बंद दिसला की परत फिरतो. पाटीवर न लिहिलेलं वाक्य आपणच वाचतो आणि आपणच त्याला घाबरतो. नापास झालं की संपलं, असं मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून धरून चाललो होतो, इतकंच.

हे शहाणपण मला येतं आणि जातं, हेही कबूल करते. दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या डिग्रीला नाव घातलं. या जानेवारीत निकाल आला आणि गणितात केटी लागली. म्हणजे हा विषय सुटला नाही, परत बसा. तिशी ओलांडलेली बाई आणि पुन्हा गणितात नापास! लाज वाटली मला. आईला सांगितलं, बाबांना नाही सांगितलं. म्हटलं, कशाला त्यांच्या जिवाला घोर. डिग्री सोडून द्यावी, असाही विचार महिनाभर मनात फिरत होता. मोहराचा वास आला की तो आणखी बळावायचा.

तर त्या रविवारी आर्यानं वहीत चारही ओळी केल्या, मासे आणि सुट्टी सगळं बाबांकडून ऐकून घेतलं, आणि "पटलं" म्हणाली. पण पोरगी चिकट आहे. जाताना दारात थांबलीच.

"आजोबा, पण टेप का नाही काढायची? सांगा ना."

बाबा स्टुलावर चढून फळी जागेवर ठेवत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताईचं काम चालू आहे अजून. तिची गणिताची केटी सुटायचीय."